अन्नपूर्णा बेस कॅम्प, लॉज ते लॉज: बेळगावहून जाणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

शहापूर, टिळकवाडी आणि अनगोळमधले आम्ही काहीजण मिळून दोनदा नेपाळात अन्नपूर्णा बेस कॅम्पपर्यंत चालत जाऊन आलो. परत आल्यापासून व्हॅक्सिन डेपोवर सकाळी फिरताना, खडेबाजारात, लग्नाच्या पंगतीत तेच ते प्रश्न येतात. दरवेळी तोंडी सांगताना निम्मं राहून जातं, म्हणून एकदा सगळं लिहून काढलं.

लॉज ते लॉज म्हणजे काय? तंबू न्यायचा नाही?

नाही. वारीला गेलेल्या माणसाला हे दोन वाक्यांत कळतं. दिवसभर चालायचं, संध्याकाळी ठरल्या गावी मुक्काम, सकाळी पुन्हा वाट. फरक इतकाच की इथे पंगत नसते, मेनूकार्ड असतं. युरोपातल्या डोंगरांत या मुक्कामाला हट म्हणतात, नेपाळात टी-हाउस किंवा नुसतं लॉज. प्लायवूडच्या भिंतींची खोली, दोन खाटा, गादी, उशी, जाड रजई, आणि सगळ्यांना मिळून एक मोठी जेवणाची खोली. पाठीवर कपडे, औषधं आणि पाणी एवढंच राहतं.

मग हे आपल्या कणकुंबी-जांबोटीकडे का करू नये?

मलाही आवडलं असतं. पण खानापूरच्या जंगलात अशी लॉजची साखळी नाही, आणि भीमगड परिसर २०११ पासून अभयारण्य आहे. वनखात्याच्या परवानगीशिवाय आत भटकता येत नाही, मुक्काम तर दूरच. एका दिवसाच्या वाटा मात्र भरपूर आहेत. त्यांचा उपयोग पुढे सरावाच्या प्रश्नात येईल.

वाट कशी आहे आणि किती दिवस लागतात?

पोखऱ्याहून पोखऱ्यापर्यंत आम्ही आठ रात्री धरतो. सहा दिवसांत उरकणारे आहेत, त्यांच्या नादी लागू नये.

पोखरा साधारण ८२० मीटरवर, म्हणजे आपल्या बेळगावच्या जवळपासच. तिथून जीपने घांद्रुककडे (२०१२ मीटर). दुसऱ्या दिवशी छोमरोंग (२१७०). तिसऱ्या दिवशी दोवान (२६००), चौथ्या दिवशी देउराली (३२३०), पाचव्या दिवशी माछापुच्छ्रे बेस कॅम्प (३७००), सहाव्या दिवशी अन्नपूर्णा बेस कॅम्प (४१३०). उतरताना बांबू नावाच्या मुक्कामाला एक रात्र आणि झिनूला एक रात्र. झिनूच्या खाली नदीकाठी गरम पाण्याचे झरे आहेत. सात दिवस चाललेले पाय त्यात सोडून बसलं की कोणी उठायचं नाव काढत नाही.

आकडे बघून वाट सलग चढत जाते असं वाटेल, तर तसं अजिबात नाही. छोमरोंगवरून दगडी पायऱ्या थेट ओढ्यापर्यंत खाली उतरतात आणि पलीकडे तेवढ्याच पुन्हा सिनुवाला चढतात. परतताना तोच खेळ उलटा. आमच्यातली एक वहिनी तिसऱ्या वळणावर बसकण मारून म्हणाली, "आगं, चढूलालोय की उतरूलालोय, कायच कळंना!" ABC म्हणून ओळखला जाणारा हा ट्रेक म्हणजे, खरं तर, पायऱ्यांचा ट्रेक आहे. गुडघे कुरकुरत असतील तर चढापेक्षा उताराची काळजी करा.

बेळगावहून तिथवर पोचायचं कसं?

पैसे असतील तर विमानाने दिल्ली, काठमांडू, पोखरा. आम्ही रेल्वेवाले. बेळगावहून गोवा एक्स्प्रेसने हजरत निजामुद्दीन, दोन रात्री गाडीत. दिल्लीहून गोरखपूर आणखी एक रात्र. गोरखपूरहून बस किंवा जीपने सोनौली, तिथे कमान चालत ओलांडली की नेपाळ. पलीकडे भैरहवा आणि तिथून पाल्पामार्गे पोखऱ्याला वळणावळणाचा रस्ता. ज्यांना चोर्ला घाटात गाडी लागते त्यांनी गोळी घेऊनच बसावं. कमान ओलांडली की घड्याळ १५ मिनिटं पुढे करा.

पासपोर्ट लागतो का? माझ्या पासपोर्टवर बेळगाम आणि मतदार कार्डावर बेळगावी आहे, अडचण येईल का?

भारतीयांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र, दोन्हीपैकी एक मूळ प्रत पुरते. नुसत्या आधारच्या भरवशावर निघू नका.

गावाच्या नावाचा प्रश्न आमच्याकडे अकराजणांत पाचजणांना पडला होता. १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारी नाव बदललं, त्याआधीच्या कागदांवर जुनं, नंतरच्यांवर नवं. आपण घरात बेळगाव म्हणतो ते तिसरंच. या नावावरून इथे काय काय होतं ते तुम्हाला-मला सांगायला नको, पण सोनौलीच्या माणसाने फक्त फोटो आणि स्वतःचं नाव जुळतंय का ते पाहिलं. तुमच्या स्वतःच्या नावाचं स्पेलिंग दोन कागदांवर वेगळं असेल तर मात्र ते आधीच दुरुस्त करून घ्या.

परवाना आणि गाइड?

हा सगळा भाग अन्नपूर्णा संवर्धन क्षेत्रात येतो. १९८६ पासूनचा हा प्रकल्प ७,६२९ चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. प्रवेश परवाना सार्क देशांच्या नागरिकांना १,००० नेपाळी रुपये, इतर परदेशी लोकांना ३,०००. आपण सार्कमध्ये मोडतो, हे खिडकीवर न विसरता सांगा. पोखऱ्यात फोटो आणि ओळखपत्राची प्रत दिली की काम होतं.

१ एप्रिल २०२३ पासून परदेशी ट्रेकरना परवानाधारक गाइड घेण्याचा नियम आहे. नियम बाजूला ठेवला तरी गाइड घ्याच, कारण गर्दीच्या दिवसांत पुढच्या लॉजला फोन करून खोली राखून ठेवणं हे त्याचं खरं काम. वाट चुकण्यासारखी नाही, पण खोली हुकण्यासारखी आहे.

खोली मिळत नाही असं खरंच होतं का?

होतं. देउराली आणि त्याच्या वरच्या दोन मुक्कामांवर लॉज मोजकेच आहेत आणि ते मनमानी वाढवू देत नाहीत. ऑक्टोबरच्या मध्यावर दुपारी तीननंतर पोचणाऱ्याला जेवणाच्या खोलीत बाकावर झोपावं लागतं. तिथे सगळ्यांचं जेवण उरकल्याशिवाय आडवं होता येत नाही आणि सकाळी पाचला पहिला चहावाला उठवतो.

उंचीचा त्रास सगळ्यांना होतो का? मी तर रोज पाच किलोमीटर चालतो.

यावर जरा सविस्तर लिहिते, कारण आमची चूक इथेच झाली.

बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास. आपल्या आसपासच्या डोंगरांवर कितीही चढलं तरी हजाराच्या आगेमागेच. अन्नपूर्णा बेस कॅम्पला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण साठ टक्के राहतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही साधारण चाळीस टक्के कमी. पायाची ताकद आपल्याकडे कमावता येते, ही सवय नाही. ती वरच, तिथेच, वेळ देऊनच लागते. रोज पाच किलोमीटर चालणारा धडधाकट माणूस उलट जास्त धोक्यात, कारण तो भराभर वर जातो.

डॉक्टरांचा सर्वमान्य नियम असा: ३,००० मीटरच्या वर झोपायची जागा एका दिवसात ५०० मीटरहून जास्त वर नेऊ नये. देउरालीहून थेट अन्नपूर्णा बेस कॅम्प म्हणजे ९०० मीटर. पहिल्या वेळी आम्ही नेमकं तेच केलं. मधल्या मुक्कामावर खोल्या भरलेल्या होत्या, हवा छान होती, सगळे उत्साहात होते. रात्री नऊला आमच्यातल्या एका दादांचं डोकं फुटायला लागलं, जेवण नको, मग उलटी. ते म्हणत होते की पित्त आहे. पित्त नव्हतं. साडेअकराला गाइड आणि दोघेजण त्यांना टॉर्चच्या उजेडात खाली माछापुच्छ्रे बेस कॅम्पला घेऊन गेले. पहाटेपर्यंत डोकं उतरलं आणि सकाळी त्यांनी दोन वाट्या लापशी खाल्ली. उरलेले आम्ही वर सूर्योदय बघत होतो खरे, पण कोणाचं लक्ष नव्हतं.

तेव्हा ही लक्षणं पाठ करून ठेवा. डोकेदुखी, भूक जाणं, मळमळ, झोप न लागणं एवढंच असेल तर वर चढणं थांबवा, तिथेच राहा. वाढलं तर खाली. चालताना झोक जाणं, बडबड असंबद्ध होणं, बसल्याजागी धाप लागणं, खोकल्यातून फेस येणं यातलं एक जरी दिसलं तरी रात्र असो वा पाऊस, लगेच खाली उतरायचं. औषधाने बरं वाटलं म्हणून वर जायचं नाही.

डायमॉक्स ही गोळी सवय लागायला मदत करते. प्रतिबंधासाठी बहुतेक डॉक्टर १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सांगतात, पण सल्फाची ॲलर्जी, मूत्रपिंडाचा त्रास किंवा इतर गोळ्या चालू असतील तर आधी विचारायलाच हवं. लघवीला वारंवार जावं लागतं आणि बोटांना मुंग्या येतात, त्याने घाबरू नका. लसणाचं सूप तिथे सगळे पितात. चव छान, अंगात ऊब येते. औषध म्हणून त्यावर भिस्त ठेवू नका.

वय किती असावं? माझ्या सासूबाई यायचं म्हणतात.

आमच्यातले सर्वांत थोरले काका सदुसष्टचे होते आणि सर्वांत कमी दमलेलेही तेच. दरवर्षी पंढरपूरला चालत जाणारा माणूस. त्यांच्याकडून एक गोष्ट आम्ही सगळ्यांनी उचलली: चालताना बोलता येईल एवढाच वेग. बोलणं तुटलं की पाय हळू. पायाला फोड येण्याआधी, नुसतं गरम लागायला लागलं की थांबून पट्टी लावायची, हेही त्यांचंच.

रक्तदाब, मधुमेह, दमा, हृदयाचा इतिहास असेल तर डॉक्टरांना "ट्रेक" एवढंच सांगू नका, ४,१३० मीटर उंचीवर झोपायचं आहे असं स्पष्ट सांगा. सासूबाईंना विचारा की त्या सलग पाच दिवस, दिवसाला पाच-सहा तास, पायऱ्यांवर चालल्यात का. चालल्या असतील तर तुमचीच तयारी आधी तपासा.

सराव कुठे करायचा?

येळ्ळूरचा राजहंसगड आठवड्यातून एकदा, पाठीवर सात-आठ किलो घेऊन, आणि एकदा चढून उतरल्यावर पुन्हा एकदा. महिनाभराने वैजनाथ आणि महिपाळगड एका दिवसात जोडून. चंदगडमधला पारगड पायऱ्यांसाठी चांगला. घरी जिना असेल तर पायरी उतरण्याचा सराव करा, चढण्याचा आपोआप होतो.

सलग दोन दिवस चालण्याचा सराव मात्र कोणी करत नाही, आणि खरी गंमत दुसऱ्या दिवशी सकाळी कळते. शनिवारी एक डोंगर, रविवारी दुसरा, दुखऱ्या पायांनी. महिन्यातून दोनदा एवढं केलं तरी पुष्कळ.

बूट निघण्याआधी दोन महिने घ्या आणि पावसाळ्यात जांबोटीच्या वाटेवर चिखलात घाला. रेनकोटाची परीक्षाही तिथेच. कणकुंबीच्या पावसात जो टिकला तो कुठेही टिकतो.

शाकाहारी माणसाचं जेवणाचं काय?

वर सगळेच शाकाहारी. छोमरोंगच्या पुढे आतल्या खोऱ्यात मांस नेत नाहीत, ही तिथली जुनी रीत. ते खोरं देवाचं मानतात. अंडी मिळतात.

दाल-भात हाच खरा आहार. भात, डाळ, भाजी, लोणचं, पापड, कधी गुंद्रुक म्हणजे आंबवून वाळवलेला पाला. भात, डाळ आणि भाजी पुन्हा वाढतात, त्याचे वेगळे पैसे नाहीत. मेनूकार्डावर पिझ्झा आणि पास्ताही असतो. आमच्यातल्या दोन मुलांनी देउरालीत पिझ्झा मागवला आणि तासभर बाकीच्यांची दुसरी वाढणी बघत बसले.

चार दिवसांनी तीच चव कंटाळवाणी होते. शेंगदाण्याची चटणी नेलीत तर भाताबरोबर सोनं. भडंग वाटेत खायला उत्तम, फक्त पिशवी घट्ट बांधा, दमट हवेत मऊ पडतं.

पोचल्या पोचल्या रात्रीचं जेवण सांगून ठेवायचं, आणि रात्री झोपण्याआधी सकाळचा नाश्ता. स्वयंपाकघर एक, चूल एक, माणसं चाळीस. ऐनवेळी सांगणाऱ्याला थांबावं लागतं, आणि ते बरोबरच आहे.

खोलीचं भाडं किती? एकूण खर्च?

खोली स्वस्त असते, कारण लॉजचा धंदा जेवणावर चालतो. म्हणून रीत अशी की जिथे झोपायचं तिथेच जेवायचं. बाहेरून आणलेलं खाऊन नुसती खोली वापरली तर लॉज चालवणाऱ्या दिदींचा चेहरा पडतो आणि कधी भाडं दुप्पट होतं.

भाव उंचीबरोबर वाढतात. आम्ही गेलो तेव्हा दाल-भात खाली पाच-सहाशे नेपाळी रुपयांना होता, वर आठशे ते हजार. पहिल्यांदा हे ऐकून आमच्यातल्या एका व्यापाऱ्याने "हे काय, लूट आहे!" म्हटलं. दुसऱ्या दिवशी पायऱ्यांवर एक पोऱ्या पाठीवर गॅसची टाकी कपाळपट्टीने लावून चढताना दिसला, तेव्हापासून त्याने भावाबद्दल तोंड उघडलं नाही. वरच्या भागात सामान माणसाच्या पाठीवरच जातं.

भारताचे १०० रुपये म्हणजे नेपाळचे १६०, हा दर १९९३ पासून बांधलेला आहे. पोखऱ्यातच नेपाळी रोख काढून घ्या, वर एटीएम नाही. भारतीय नोटा जवळ ठेवायच्या तर शंभराच्या. गरम पाणी, फोन चार्ज करणं, वाय-फाय, सगळ्याचे वेगळे पैसे लागतात.

लॉजमध्ये राहणं कसं असतं? संडास, अंघोळ?

खाली बरं, वर जेमतेम. भिंती पातळ, शेजारचा कूस वळला तरी कळतं. संडास बहुतेक ठिकाणी बाहेर, वरच्या मुक्कामांवर पहाटे बादलीतल्या पाण्यावर बर्फाची साय. देउरालीनंतर अंघोळ विसरा, डोकं ओलं करून थंडी भरली तर ट्रेक तिथेच संपतो.

बायकांसाठी म्हणून सांगते. दोन्ही वेळा आम्ही चौघीजणी होतो, कुठेही असुरक्षित वाटलं नाही. बहुतेक लॉज बायकाच चालवतात. पाळीचं साहित्य इथूनच न्या आणि वापरलेलं खाली पोखऱ्यापर्यंत परत आणायची पिशवीही.

संध्याकाळची जेवणाची खोली मात्र या सगळ्या प्रवासातला माझा आवडता भाग. टेबलाखाली कधी शेगडी, चारी बाजूंनी जाड पडदे, आत सगळ्यांचे पाय आणि वर वाळत घातलेले मोजे. छोमरोंगचे एक लॉजवाले बाबा निवृत्त गोरखा सैनिक. आम्ही बेळगावचे म्हटल्यावर त्यांनी लगेच मराठा सेंटरचं, म्हणजे इथल्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राचं, नाव घेतलं आणि आमच्यातल्या माजी सुभेदार काकांशी जी गाठ पडली ती रात्री दहापर्यंत सुटली नाही. बिलातून चहा वजा झाला होता.

कधी जावं?

ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा मार्च-एप्रिल. शरदात आकाश स्वच्छ, वसंतात वाटेवर लालीगुराँस (ऱ्होडोडेंड्रॉन) फुललेला, पण दुपारनंतर ढग. पावसाळ्यात जळवा आणि दरडी. दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर तिथे तिहार असतो. एका दिवशी कुत्र्यांना हार आणि टिळा लावतात. लहान मुलांना घरचा मातीचा किल्ला सोडून आणल्याचं दुःख तेवढ्यापुरतं विसरायला होतं.

हिमस्खलनाचा धोका?

आहे, आणि तो टाळायचा असेल तर वेळ पाळावी लागते. हिमालया (दोवान आणि देउरालीच्या मधला मुक्काम) ते माछापुच्छ्रे बेस कॅम्प या पट्ट्यात डावीकडच्या उंच उतारावरून बर्फ घसरतो. १७ जानेवारी २०२० ला याच भागात चार कोरियन आणि तीन नेपाळी माणसं गाडली गेली. ताजा बर्फ पडला असेल तर लॉजवाल्यांना विचारल्याशिवाय निघू नका. एरवीही हा पट्टा सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत ओलांडायचा, आणि मधे फोटोला थांबायचं नाही. कधी कधी वाट नदीपलीकडून काढलेली असते, ती लांब पडली तरी तीच घ्या.

विमा?

घ्या. पॉलिसीत ४,००० मीटरच्या वरचा ट्रेक आणि हेलिकॉप्टर स्पष्ट लिहिलेलं आहे का ते वाचा. साध्या प्रवास विम्यात बहुधा नसतं. हेलिकॉप्टर बोलावण्याआधी विमा कंपनीला फोन करून होकार घ्यायचा असतो. किरकोळ डोकेदुखीला कोणी घाईघाईने हेलिकॉप्टर सुचवू लागलं तर आधी पायी खाली उतरता येतंय का ते बघा.

सामान काय न्यायचं? पोर्टर घ्यावा का?

जाड जॅकेट आणि स्लीपिंग बॅग पोखऱ्यात भाड्याने मिळतात, विकत घेऊ नका. चालायच्या दोन काठ्या, डोक्याला बांधायचा टॉर्च, दोन जोड लोकरी मोजे, टोपी, हातमोजे, उन्हाचा चश्मा. पाण्याच्या दोन बाटल्या आणि क्लोरीनच्या गोळ्या, कारण वर प्लास्टिकच्या बाटलीतलं पाणी विकत नाहीत. जीन्स नको.

दोघांत एक पोर्टर पुरतो, प्रत्येकी दहा किलोच्या आत सामान बांधलं तर. त्याच्या अंगावर थंडीचे कपडे आहेत का आणि त्याचा विमा आहे का, हे ठरवतानाच विचारा.

फोन लागतो का?

नेपाळी सिम घ्या. खोऱ्यात आत गेल्यावर बऱ्याचदा लागत नाही. घरी आधीच सांगून ठेवा, म्हणजे आई पोलिसात जाणार नाही.

एवढं चालून वर दिसतं काय?

चारी बाजूंनी भिंती. समोर अन्नपूर्णा पहिलं, ८,०९१ मीटर, त्याचा दक्षिणेकडचा कडा. ३ जून १९५० ला एर्झोग आणि लाशनाल हे दोन फ्रेंच गिर्यारोहक या शिखरावर पोचले. आठ हजार मीटरवरचं माणसाने चढलेलं हे पहिलं शिखर, एव्हरेस्टच्या तीन वर्षं आधीचं. मागे वळलं की माछापुच्छ्रे, ६,९९३ मीटर, माशाच्या शेपटीसारखं दुभंगलेलं. १९५७ ची मोहीम त्याच्या माथ्याच्या अगदी जवळून परतली आणि आता त्यावर चढायला परवानगीच नाही. पहाटे पहिलं ऊन सर्वांत उंच टोकावर पडतं आणि मग हळूहळू खाली सरकत येतं. तोवर चहा हातात थंड होतो.

भेट म्हणून कुंदा नेला तर चालेल का?

चालेल. आम्ही दुसऱ्या वेळी अर्धा किलो नेला होता, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. रेल्वेत तीन रात्री गेल्या तरी थंडीचे दिवस होते, बिघडला नाही. उन्हाळ्यात मात्र नेऊ नका. वर तो दगडासारखा घट्ट होतो, तेव्हा देण्याआधी डबा थोडा वेळ चुलीजवळ ठेवा. छोमरोंगच्या दिदींनी चमचाभर खाल्ला आणि म्हणाल्या, ही तर कुराउनी! तिकडे आटवलेल्या दुधाला हेच म्हणतात. दुधाबरोबर दही घालून, साखर करपवून लालसर रंग आणतो असं समजावून सांगितलं, तर त्यांनी म्हशीचं दूध काढलं आणि करून दाखवा म्हणाल्या. दीड तास लागला, खाली थोडा लागलाही.